बदामी काळवंडली तेव्हा

मी बदामी. या काचेच्या पेटीतून बोलतेय, तेव्हा मागे सरू नका. दिसायला अजगरासारखी असले तरी मी अजगर नव्हे. बोआ म्हणतात मला. माझे पूर्वज समुद्रापलीकडच्या रानातले. मला विष नाही. मला कानही नाहीत. तुमचं बोलणं मला फळीतून, फरशीतून, पोटाखालून कळतं. आणि मला पापण्या नाहीत. त्यामुळे समोर जे घडतं ते मला बघावंच लागतं. ओवे गावातल्या एका घरात मी जे बघितलं, ते आज सांगते.

माझा जन्म कुठे झाला, मला माहीत नाही. आठवतो तो प्लास्टिकचा एक खण आणि त्यात एकमेकांत गुंतलेली भावंडं. मग एक कापडी पिशवी, खूप हादरे, आणि मुंबईतल्या एका दुकानाची मागची खोली. पुढे पोपट आणि रंगीत मासे मांडलेले, मागे आम्ही. गिऱ्हाईक आलं की दुकानदार मला मानेमागे चिमटीत धरून उचलायचा आणि मी त्याच्या हाताला विळखा घातला की सगळे हसायचे.

एक दिवस एक तरुण आला. त्याने दुकानदाराला विचारलं, "असं धरल्यावर तिला भीती वाटत नाय का?" मग त्याने स्वतःचे दोन्ही तळवे माझ्या पोटाखाली धरले आणि नुसता थांबला. मी आपणहून त्याच्या मनगटावर चढले. तो कल्पेश. दोन हजार बारा साल असेल ते.

भाजलेल्या बदामासारखा माझा रंग, पाठीवर खोगिराच्या आकाराचे तपकिरी पट्टे, शेपटीकडे विटकरी झाक. म्हणून त्याने मला बदामी म्हटलं.

ओवे म्हणजे खारघरच्या कडेला उरलेलं जुनं गाव. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उंच इमारती. कल्पेशचे वडील धर्मराज शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचे. धाकटी बहीण प्रांजल खारघरच्या कॉलेजात जायची. आणि आई, शशिकला. ती माझ्या खोलीचा उंबरा कधीच ओलांडत नसे. कल्पेशचा चहा ती बाहेरच ठेवायची आणि तिथूनच म्हणायची, "ह्यो घरात आल्यापासून माजा उजवा डोला लवतो."

कल्पेश हसायचा. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो कामाला होता. पाळी संपवून आला की त्याच्या अंगाला एक आंबूस वास असायचा. आंघोळ केल्यावर त्यावर साबणाचा वास चढायचा, पण खालचा वास जायचा नाही. तो जिना चढायला लागला की मला पेटीच्या फळीत कळायचं. पेटीजवळ बसून तो हात आत घालायचा. मी त्याच्या दंडाला गुंडाळून बसायची. त्याच्या अंगातली ऊब माझ्यात यायची. माझ्यासारख्या थंड रक्ताच्या जिवाला यापलीकडे काय हवं?

माझा रंग एकच नसतो, हे तुम्हाला सांगायला हवं. सकाळी मी गडद असते, दिवेलागणीला फिकी होते. थंडी वाजली, घाबरले, तरी रंग गडद होतो. कात टाकायच्या आधी तर मी राखेसारखी मळकट होते आणि डोळ्यांवर दुधी साय येते. पहिल्यांदा ते बघून प्रांजल ओरडत खाली पळाली होती, "दादा, ही आंधळी झाली!" कल्पेशने तिला वर आणून बसवलं, कात म्हणजे काय ते समजावलं, आणि पुढे मी नवी कोरी बाहेर आले तेव्हा ती अख्खी कात तिच्या हातावर ठेवली. माझा रंग बदलला की घर बिचकायचं, कल्पेश कारण सांगायचा आणि घर शांत व्हायचं.

पुढे एका दिवाळीआधी त्यांनी घर रंगवायला काढलं. रंगाचा उग्र वास मला सोसणार नाही म्हणून कल्पेशने मला त्याच्या दोस्ताकडे पोचवलं. इमाद त्याचं नाव. पनवेलच्या मोहल्ल्यात राहायचा, कल्पेशबरोबर त्याच कारखान्यात, त्याच पाळीला. त्याच्याकडेही एक बोआ होता, नर, माझ्याहून बारीक आणि शांत. मोठी पेटी एकच, म्हणून आम्ही दोघं तिच्यात राहिलो. इमादची आई हव्वाबी दारातून बघून म्हणाली, "या अल्लाह, एक कमी होता का?"

दिवाळी झाली. कल्पेश मला घरी घेऊन आला. माझ्या पोटात काय रुजतंय, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

*

पौषात एका सकाळी तो पहिल्या पाळीला गेला. संध्याकाळी जिन्यावर त्याची पावलं आली नाहीत. खाली मात्र खूप पावलं आली. फरशी थरथरत राहिली. कुणीतरी जमिनीवर हात आपटत होतं. माझ्या खोलीत कुणी आलं नाही, दिवा कुणी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला आणलं. त्याची खोली जिन्याच्या तोंडाशी आणि दार उघडं, म्हणून खालची पडवी मला दिसायची. मला लांबचं धूसर दिसतं. पण एवढं दिसलं की पांढऱ्या कापडातलं ते तोंड काळंनिळं होतं. हवेत सडक्या अंड्यासारखा वास होता आणि त्याखाली, अगदी खाली, त्याचा वास होता.

शशिकला रडली नाही. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो कोनाचा आनलात? माजा पोर गोरा हाय. ह्याचा तोंड काला कशान झाला?"

कारखान्याचा एक माणूस आला होता. तो "अपघात, अपघात" म्हणत राहिला. इमाद फाटकाशी उभा होता. तो आत आला नाही, आणि त्यानंतर त्या घराकडे फिरकलाच नाही.

मला पाणी द्यायची ती प्रांजल. ती उंदीर घेऊन यायची, मी तोंड वळवायची. मला भूक नव्हती. पोट जड होत चाललं होतं. मी दिव्याच्या उबेखाली कुशीवर पडून राहायची. आणि माझा रंग उतरायला लागला. उतरायला म्हणण्यापेक्षा चढायला म्हणा. बदामाची तपकिरी झाली, तपकिरीची काळपट. खोगिरं पाठीत बुडून गेली. प्रांजल रोज डोळ्यांवर साय आली का ते बघायची. साय येत नव्हती. डोळे स्वच्छ होते आणि अंग काळं.

दिवसकार्य उरकल्यावर शशिकला कल्पेशची चादर न्यायला पहिल्यांदा त्या खोलीत आली. चादर उचलताना तिची नजर पेटीवर गेली. ती थांबली. मग हळूहळू जवळ आली, इतकी की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली.

"कल्पेश," ती म्हणाली.

*

तेव्हापासून ती रोज दुपारी यायची. धर्मराज पोरांना शाळेतून आणायला गेलेले असायचे, प्रांजल कॉलेजात. ती खाली मांडी घालून बसायची आणि बोलायची. शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली. व्हॅनचा टायर फुटला. कोणी कोणी भेटायला येऊन गेलं. मध्येच थांबून विचारायची, "तुना दुखतं का रं?"

मी काय सांगणार? जीभ बाहेर काढून तिचा वास घ्यायची. हळद, धूर, झोप नसलेल्या माणसाला येतो तो कडवट वास. आणि तिच्या पदराला कल्पेशचा वास होता, कारण ती त्याचीच चादर पांघरत होती. जीभ बाहेर काढली की तो खोलीत असल्यासारखा वाटायचा. मी त्याच्या दिशेने डोकं उचलायची. आणि तिला वाटायचं, मी तिच्या हाकेला ओ दिली.

पोट भरत गेलं तसा माझा श्वास जड झाला. आत जागा उरली नव्हती. हवा आत घेताना फुस्स असा आवाज यायचा. एका दुपारी तिने तो ऐकला आणि ताडकन उठली.

"श्वास कोंडतंय त्याचा," ती म्हणाली. "ह्या काचेत हवा नाय."

तिने पेटीचं झाकण काढलं. खिडक्या उघडल्या. दार मिटू नये म्हणून पाट लावला. पदराने मला वारा घालत बसली. धर्मराज घरी आले, त्यांनी झाकण लावलं. ते खाली गेले, तिने काढलं. पुढे कितीतरी दिवस हेच चाललं. मी कुठे गेले नाही. जाण्याचं बळच नव्हतं. पण उघड्या पेटीतून वर बघितलं की तिचा चेहरा दिसायचा, आणि तो चेहरा मी श्वास घेतला की सैल व्हायचा, सोडला की ताणायचा. माझ्या श्वासावर ती जगत होती.

तिने जेवणही आणायला सुरुवात केली. ताटलीत तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. प्रांजल म्हणाली, "आई, बदामी हे खात नाही. साप असलं काही खात नाहीत गं."

"तो खातो. त्याला आवडते."

"आई, दादा गेला."

शशिकलाने मुलीकडे बघितलंही नाही. ताटली काचेला चिकटवून ठेवत म्हणाली, "घास तोंडात जात नसल. त्याचा तोंड बघ किती काला झालाय."

प्रांजल बाहेर जाऊन जिन्यात बसली. तिचं रडणं मला पायऱ्यांतून कळलं.

*

काशिराम हा धर्मराजांचा चुलतभाऊ. गावात अंगारे-धुपारे करायचा, त्याला सगळे भगत म्हणायचे. एका सकाळी तो आला. मला त्याने लांबूनच बघितलं, तांदळाचे दाणे पेटीवर टाकले, बराच वेळ पुटपुटला. मग धर्मराजांना बाजूला घेऊन म्हणाला, "ह्या जनावरानं पोराचा जीव घेतलाय. पोराचा काला रंग त्याच्या अंगावर आलाय, दिसत नाय तुला? अजून पोट भरला नाय त्याचा. घरात ठेवशील तर आता पोरगीवर येल."

जिना उतरताना धर्मराजांची पावलं वेगळी पडली.

दोन दिवसांनी शशिकला दळण आणायला गेली होती. धर्मराज गोणपाट घेऊन आले. त्यांनी मला कधीच हात लावला नव्हता. हाताला फडकं गुंडाळून त्यांनी मला कसंबसं गोणीत भरलं आणि व्हॅनमध्ये मागे ठेवलं. पोरांच्या डब्यांचा, रबराचा, पायमोज्यांचा वास येत होता. व्हॅन डोंगराकडे गेली. रस्ता संपला, दगड लागले.

त्यांनी गोणी उन्हात रिकामी केली. त्यांच्या हातात कोयता होता. मी तापलेल्या कातळावर पडले होते. इतका मोठा उजेड, इतकी मोकळी हवा मी कधी बघितली नव्हती. मी पळाले नाही. जड पोट ओढवत नव्हतं.

त्यांनी कोयता उचलला आणि तसाच धरून उभे राहिले. ऊन त्यांच्या मागे होतं, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

मग ते खाली बसले. पोराच्या मरणानंतर त्या माणसाचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. ते माझ्याकडे वाकून, कुणी ऐकेल अशा भीतीने, हळूच म्हणाले, "तू हायस का रं आत?"

त्या उजाड डोंगरावर कुणीच नव्हतं. माझा श्वास फुस्स फुस्स होत होता. त्यांनी कोयता बाजूला टाकला आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

थोड्या वेळाने शशिकला आणि प्रांजल धावत आल्या, रिकामी पेटी बघून व्हॅनच्या मागावर निघाल्या असाव्यात. शशिकलाच्या पायात चप्पल नव्हती. ती ओरडणार, अंगावर येणार, असं धर्मराजांना वाटलं असावं. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मना मारवत नाय गं. मनापन तोच दिसतंय."

ती त्यांच्या शेजारी बसली. प्रांजल त्या दोघांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. तिला त्या क्षणी माझी भीती वाटली नव्हती, आईबापांची वाटली होती. हे मला तिच्या अंगाच्या वासावरून कळलं. भीतीला वास असतो.

*

घरी आल्यावर प्रांजलने माझ्याच खोलीतून फोन लावला. "इमाद, प्रांजल बोलतेय. दादाच्या बदामीला काहीतरी झालंय. नाही, तू ऐकून घे आधी. तू आला नाहीस तर माझ्या घरात कोणी शहाणं उरणार नाही."

तो दुसऱ्याच दिवशी आला. बारीक झाला होता. त्याने दारात चपला काढल्या आणि बराच वेळ उंबऱ्यातच उभा राहिला. मग आत येऊन त्याने दोन्ही तळवे माझ्या पोटाखाली घातले, अगदी कल्पेशसारखे. हाताला काय लागलं ते त्याला लगेच कळलं.

"काकी," तो म्हणाला, "ही आजारी नाही. हिच्या पोटात पिल्लं आहेत. दिवाळीत माझ्याकडे होती, तेव्हा नराबरोबर राहिली. मादीचा रंग अशा वेळी काळा पडतो. सगळ्यांचा नाही, पण पडतो. पिल्लं झाली की परत येईल."

"खोटा बोलतंस," शशिकला म्हणाली.

"खुदाकसम, काकी."

"मंग तो तोंड काला कशान झाला व्हता?"

इमादने माझ्याखालचे हात काढून घेतले.

"कल्पेशचा. मी विचारतंय. तवापासून विचारतंय, कोन सांगत नाय. माज्या पोराचा तोंड काला कशान झाला?"

धर्मराज दारात येऊन उभे राहिले. इमाद जमिनीवर बसला आणि खाली बघत बोलायला लागला.

"टाकी साफ करायची होती, काकी. ठेकेदाराचा एक माणूस आत उतरला, ओडिशाचा, आमच्याच वयाचा. आत वायू साचला होता. तो पडला. पण पडल्यावर हाक मारत होता. मास्क आणायला माणूस पळाला होता. मी म्हटलं, थांब. कल्पेश म्हणाला, तो हाक मारतोय. आणि उतरला. दोर माझ्या हातात होता."

"मंग वडला का नाय?"

"ओढला ना. ओढला. जड लागला, मला वाटलं, आला. वर आला तो दुसराच, काकी. कल्पेशने दोर त्याला बांधला होता. तोपर्यंत खालून काही आवाज येत नव्हता. त्या वायूने अंगातली हवा संपते, रंग काळानिळा पडतो. मी उतरलो नाही. मास्क आल्यावर दुसरे उतरले. मी दोर धरून उभा होतो."

शशिकलाने विचारलं, "तो वाचला? वर आनलास तो?"

"नाही. दवाखान्यात नेईपर्यंत गेला."

मग शशिकला प्रांजलला म्हणाली, "ह्याला चाय दे." आणि इमादला म्हणाली, "पनवेलवरून आलास. जेवून जा."

खरं कळलं म्हणून सगळं तिथेच संपलं असं नाही. दुसऱ्या दुपारी ती पुन्हा आली, झाकण काढलं आणि म्हणाली, "कल्पेश, कशाला उतरलास रं?" पण आता ती उत्तराची वाट बघायची. आधी बघत नसे.

*

मे संपत आला होता. उकाड्याने खोली भरली होती. भर दुपारी मला कळा सुरू झाल्या. घरात शशिकला एकटीच होती. ती बघत होती, हलत नव्हती.

आमच्यात अंडी बाहेर येत नाहीत. पिल्लं जिवंतच येतात, प्रत्येक एका पातळ ओल्या पडद्यात गुंडाळलेलं. तो पडदा पिल्लानेच नाकाने ढोसून फाडायचा असतो आणि पहिला श्वास घ्यायचा असतो. आई म्हणून मी काही करत नाही. आमच्या जातीत ते नसतंच.

एक आलं. पडदा फाटला, इवलंसं डोकं बाहेर आलं, तोंड उघडलं. मग आणखी एक. मग एकामागून एक, ओली, चकाकती, फिक्या गुलाबी-बदामी रंगाची. काही तशीच गोळा होऊन पडली, ती मेलेलीच होती. शशिकलाने तोंडावर पदर धरला होता. पण तिचे डोळे पिल्लागणिक मोठे होत होते.

एक पिल्लू पडद्यातच राहिलं. ते आत वळवळत होतं, ढोसत होतं, पडदा ताणत होता आणि फाटत नव्हता. हळूहळू त्याची हालचाल मंदावली. पडद्याआड त्याचा रंग गडद होत गेला.

शशिकलाचा श्वास थांबला. मग तिने हात आत घातला. माझ्या अंगावरून, त्या ओल्या घाणीतून, ज्या बाईने कल्पेश असेपर्यंत माझ्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, तिने ते पिल्लू उचललं आणि अंगठ्याच्या नखाने पडदा फाडला. काही झालं नाही. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. "घे," ती म्हणाली. "श्वास घे. घे ना रं."

पिल्लाने तोंड उघडलं.

ती तशीच बसून राहिली, तळहातावर ते पिल्लू घेऊन, आणि मग रडायला लागली. पौषापासून जे रडणं आलं नव्हतं ते. इतकं की फरशी हादरली आणि शेजारची माणसं धावत आली. धर्मराज सुट्टीतलं भाडं सोडून व्हॅन घेऊन परतले तेव्हा ती रडतच होती, आणि ते पिल्लू तिच्या बोटाला वेटोळं घालून बसलं होतं.

पिल्लं इमादने नेली. पनवेलला हव्वाबीने ओट्यावर डबे मांडले आणि दर डब्यावर फुंकर मारून काहीतरी पुटपुटली, असं त्याने नंतर सांगितलं.

*

पुढच्या खेपेला इमाद आला तेव्हा शशिकला त्याला म्हणाली, "त्या दुसऱ्या पोराची आय हाय का?"

"असेल. गावी."

"मना तिच्याशी बोलायचंय."

इमादने खटपट केली. ठेकेदाराकडून, मग त्या मुलाच्या भावाकडून नंबर मिळाला. एका दुपारी सगळे माझ्याच खोलीत जमले, कारण तिथेच फोनला रेंज मिळायची. इमाद हिंदीत त्या भावाशी बोलला. मग भावाने फोन आईच्या हातात दिला आणि इमादने या बाजूचा फोन शशिकलाच्या हातात.

"मी कल्पेशची आय," शशिकला म्हणाली. "तुजा पोर पडला तवा माजा पोर त्याच्याजवल व्हता. एकटा नव्हता तो. ऐकतंस?"

पलीकडची बाई तिच्या भाषेत बोलायला लागली. एक शब्द कुणाला कळत नव्हता. शशिकला ऐकत होती, मान हलवत होती, मध्ये "व्हय, व्हय" म्हणत होती. ती थांबली की ही बोलायची. ही थांबली की ती. कुणी मध्ये पडून अर्थ सांगितला नाही. इमाद भिंतीला टेकून बसला होता. धर्मराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

त्या दुपारी मी कात टाकत होते. ओठाशी फाटलेली कात दगडावर घासत घासत मी तिच्यातून बाहेर सरकत होते. सगळं अंग बाहेर आलं तेव्हा मी पुन्हा बदामी होते. खोगिरं वर आली होती, शेपटीकडची विटकरी झाकही. ज्या रंगासाठी त्या घराने इतके महिने डोळे लावले होते, तो परत आला तेव्हा माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

आता मी म्हातारी होत चाललेय. त्याच खोलीत आहे. प्रांजल नोकरीला लागली, मला खाऊ घालते तीच. शशिकला आता मला कल्पेश म्हणून हाक मारत नाही. कधी कधी मला ती हाक आठवते. माझं नाव नव्हतं ते, तरी आठवते.

तुमच्या घरात एखादा मुका जीव असेल आणि त्याचा रंग अचानक बदलला, तर कोयता उचलू नका आणि हातही जोडू नका. जाणत्याला बोलवा, पोटाखाली दोन तळवे धरा आणि थोडं थांबा. मी एवढंच मागते.

महिन्यातून एकदा शशिकला अजूनही वर येते. तो फोन लावते. पलीकडची बाई उचलते. दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलतात.